‘सहकुटुंब पाहावा’ असं मी लिहिलं आणि भाचीची झोप उडाली

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई गेली तीन वर्षं पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाबद्दल चार-सहा ओळींचं मत लिहितात आणि ओळखीच्या चाळीसेक लोकांना पाठवतात. चित्रपटाचं शिक्षण नाही, नोकरी वेगळ्याच क्षेत्रातली. आवड मुख्यतः दोन प्रकारांची. घरच्यांबरोबर बसून बघायचे कौटुंबिक चित्रपट, आणि सुट्टीच्या दुपारी कामं उरकता उरकता टीव्हीवर बघायचे भयपट. गेल्या महिन्यात एका ॲनिमेशनपटाबद्दल त्यांनी ‘निर्धास्त, सहकुटुंब पाहावा’ असं लिहिलं. ते वाचून भावानं सहा वर्षांच्या मुलीला तो दाखवला. त्यातली प्रेमळ आजी मध्येच शापानं राक्षसीण होते. मुलगी रडायला लागली म्हणून चित्रपट तिथेच बंद केला. त्याला दहा दिवस झाले, ती अजून एकटी झोपत नाही. भाऊ काही बोलला नाही, पण वहिनीनं विचारलं, ‘ताई, तुम्ही बघितला होता ना?’ भयपटांबद्दलची त्यांची मतं मात्र बहुतेक एकाच वळणाची असतात: ‘भीती वाटली नाही, फसला.’ चित्रपटाचा अभ्यास असलेला एक मित्र म्हणाला, की छायाचित्रण-संकलनातलं काही कळत नसताना मतं वाटत फिरू नये. बाई विचारतात: लिहिणं थांबवू का? की आधी रीतसर शिकू? आणि मला भीतीच वाटत नसेल, तर भयपटांवर बोलायचा मला अधिकार तरी आहे का?

उत्तर:

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत दिसते. मत चुकलं, म्हणजे मत देणारी व्यक्तीच अपात्र. मला ते पटत नाही. आजी राक्षसीण होताना तुम्हाला दिसलीच होती, तुमचं लक्ष नव्हतं असं मुळीच नाही. चुकला तो शब्द. ‘सहकुटुंब’ म्हणताना तीन वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या माणसापर्यंत सगळ्यांना तुम्ही एका ओळीत बसवलंत आणि ते सगळे तुमच्याच डोळ्यांनी बघतील असं धरून चाललात. संकलनाचा दांडगा अभ्यास असता तरी हे घडलंच असतं.

मित्राचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यात अर्धं तथ्य आहे. समीक्षक आणि प्रेक्षक ही दोन वेगळी कामं आहेत. परिणाम कसा साधला गेला, त्याच्या आधी कोणी काय केलं होतं, हे समीक्षक सांगतो. प्रेक्षकानं सांगायचं ते एवढंच, की या चित्रपटानं माझं काय केलं, कुठे केलं, आणि मी तो कोणत्या परिस्थितीत पाहिला. गडबड होते ती दुसऱ्या कामाला पहिल्याची भाषा वापरली की. ‘संकलन सैल आहे’ हे वाक्य तुम्ही लिहू नका. ‘मध्यंतरानंतरच्या वीस मिनिटांत मी दोनदा घड्याळ पाहिलं’ असं लिहा. ‘छायाचित्रण कमकुवत’ याऐवजी ‘तळघरातल्या प्रसंगात कोण कुठे उभं आहे ते मला कळेना’. ‘पार्श्वसंगीत भडक’ याऐवजी ‘दार उघडायच्या आधीच संगीतानं सांगून टाकलं की आता काहीतरी होणार’. ही वाक्यं कोणीही नाकारू शकत नाही, कारण ती तुमच्या अनुभवाची नोंद आहेत. आणि वाचणाऱ्याच्या ती जास्त उपयोगाची आहेत.

आता ‘कौटुंबिक’ या शब्दाकडे जरा थांबून बघू. आपल्या भाषेत तो दोन अर्थांनी चालतो. कुटुंबाविषयीचा चित्रपट, आणि कुटुंबानं एकत्र बसून बघायचा चित्रपट. पहिल्या प्रकारात भावंडांचे तंटे, घटस्फोट, म्हाताऱ्या आईबापांची आबाळ असं काहीही येऊ शकतं. त्यात एकही शिवी नसेल, एकही रक्ताचा थेंब नसेल, तरी सात वर्षांचं मूल अर्ध्या तासात कंटाळतं, किंवा ‘आई-बाबा वेगळे होतात?’ या विचारानं रात्रभर जागतं. म्हणून तुमच्या पुढच्या मतात सगळ्यात आधी लिहा, की चित्रपट कुटुंबाबद्दलचा आहे की कुटुंबासाठीचा. दोन्ही असेल तर तसंही लिहा.

दुसरी गल्लत ॲनिमेशनची. चित्र रेखाटलेलं आहे म्हणजे ते लहानांसाठी सौम्यच असणार, असं मोठ्यांना वाटतं. लहान मूल वेगळ्या रीतीनं बघतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जोॲन कँटर यांनी मुलं आणि पडद्यावरची भीती यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या एका अभ्यासात ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेचा भाग मुलांना दाखवला होता. मोठ्यांच्या लेखी तो हिरवा धिप्पाड माणूस मदतीला धावून येणारा. शाळेत जाण्याआधीच्या वयातल्या मुलांना मात्र सर्वांत जास्त भीती वाटली ती साध्या माणसाचा तो हिरवा प्राणी झाल्यावर. ओळखीचा माणूस डोळ्यांदेखत नाहीसा झाला आणि त्याच्या जागी भलताच कोणी आला, एवढंच त्यांना कळलं. दुसऱ्या एका प्रयोगात एकाच गोष्टीतली म्हातारी कधी देखणी, कधी कुरूप, कधी प्रेमळ, कधी दुष्ट अशी दाखवली. लहान मुलं ती दिसते कशी यावरून तिला चांगली-वाईट ठरवत होती, मोठी मुलं ती वागते कशी यावरून. तुमच्या भाचीनं जे पाहिलं ते या दोन्ही अभ्यासांत अगदी बसतं. जवळची, प्रेमळ, घरातली बाई, आणि तिचं रूपच पालटलं.

वय वाढतं तशी भीती जागा बदलते. साधारण सातव्या वर्षापर्यंत धास्ती असते ती दिसण्या-ऐकण्याची: सुळे, डोळे, रूपांतर, अंधार, अचानक मोठा आवाज. आठ ते बारा या वयात ‘हे खरंच होऊ शकतं का?’ हा प्रश्न येतो. मग भुतापेक्षा चोर, आग, अपघात, आईवडिलांना झालेली इजा जास्त लागते. सीमा काटेकोर नाहीत. एकाच घरातली दोन भावंडंसुद्धा सारखी नसतात. पण एवढं कळलं तरी ‘यात भुतंबितं नाहीत, दाखवा’ हा सल्ला किती अपुरा आहे ते लक्षात येईल.

सरकारी किंवा उद्योगाच्या प्रमाणपत्रावरही सगळा भार टाकता येत नाही, कारण तीही ढोबळच असतात. १९८४ साली अमेरिकेत ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ आणि ‘ग्रेमलिन्स’ हे दोन चित्रपट ‘पालकांचं मार्गदर्शन सुचवलेलं’ म्हणजे पीजी या गटात आले आणि पालकांनी तक्रारी केल्या. त्या गटात नि मोठ्यांच्या गटात मधलं काही नव्हतंच. त्याच वर्षी जुलैमध्ये पीजी-१३ हा नवा गट करावा लागला. शिवाय प्रमाणपत्र देताना रक्त, मारामारी, शिव्या, नग्नता यांचा हिशेब होतो. ताटातुटीचं दुःख त्यात सहसा मोजलं जात नाही. १९४२ सालच्या ‘बॅम्बी’ या ॲनिमेशनपटात हरणाच्या पिल्लाच्या आईचा मृत्यू पडद्यावर दिसत नाही. गोळीचा आवाज येतो, आणि मग पिल्लू पडत्या बर्फात आईला हाका मारत फिरतं. दाखवलं काहीच नाही, आणि तरी कित्येक पिढ्यांना तेवढंच लक्षात राहिलं.

मग तुम्ही लिहायचं काय? माझा आग्रह असा, की वय तुम्ही ठरवू नका. ‘सहा वर्षांपुढे चालेल’ हा निवाडा झाला. तो आईवडिलांचा आहे, कारण आपलं मूल त्यांना ठाऊक असतं. तुम्ही तपशील द्या. कोणाचा चेहरा किंवा रूप भयानक होतं का, आणि साधारण कितव्या मिनिटाला. आई, वडील किंवा सांभाळणारं माणूस हरवतं, मरतं किंवा मुलाला टाकून जातं का, आणि ते दिसतं की नुसतं सांगितलं जातं. प्राण्याला इजा होते का, कारण हे मोठ्यांच्या लक्षातच राहत नाही आणि मुलांच्या डोक्यातून जात नाही. कानठळ्या बसवणारे आवाज कुठे आहेत. लांबी किती, आणि मधे सुस्त पट्टा कुठे येतो. त्याहून महत्त्वाची एक नोंद क्वचितच कोणी करतं: भीतीचा प्रसंग संपल्यावर दिलासा किती वेळानं मिळतो. पाच मिनिटांत आजी परत आजी झाली तर मूल तग धरतं. चाळीस मिनिटं ती राक्षसीणच राहिली, तर ती चाळीस मिनिटं मूल चित्रपट बघत नसतं, आजीची वाट बघत असतं.

यानं कथा फुटते, ही अडचण खरी आहे. उपाय सोपा. मत आधी पूर्ण लिहा, त्यात काही फोडू नका. मग एक ओळ मोकळी सोडून ‘लहान मुलांच्या पालकांसाठी, पुढे कथानकातले तपशील आहेत’ असं लिहून हे तीन-चार मुद्दे द्या. ज्यांना नको ते तिथेच थांबतील.

चित्रपट मुलांबरोबर पाहत असाल तर पडद्यावर थोडं कमी आणि मुलाकडे थोडं जास्त बघा. मूल सरकून जवळ कधी आलं, पाणी प्यायला कधी उठलं, ‘आता काय होणार?’ असं कितीदा विचारलं, कोणत्या विनोदाला मोठे हसले आणि मूल गप्प राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला गोष्ट सांगायला लावा. जो प्रसंग सगळ्यात आधी आणि सगळ्यात लांबवून सांगितला जातो, तो त्याच्यासाठी खरा चित्रपट. तुमचं मत आणि मुलाची ही गोष्ट शेजारी शेजारी ठेवलीत, तर वाचणाऱ्या आईवडिलांच्या हाती खरोखर काहीतरी लागेल.

भाचीचं आधी बघू, भयपटांकडे नंतर येते. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ म्हणजे चित्रपट तिथेच बंद केला. भावानं हेतूनं बरोबरच केलं. रडणाऱ्या मुलाला बळजबरीनं पुढे बसवायचं नसतंच. पण त्यामुळे तिच्यापुरती गोष्ट सगळ्यात वाईट जागी संपली. तिच्या डोक्यात ती आजी अजून राक्षसीणच आहे. १९९३ साली बार्बरा फ्रेडरिकसन आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना सुखद आणि क्लेशकारक अशा छोट्या चित्रफिती दाखवून त्यांची एकूण मतं विचारली होती. फीत किती लांब होती याचा त्या मतांवर फारच थोडा परिणाम झाला. जोर होता तो सर्वांत तीव्र क्षणाचा आणि शेवटाचा. तो प्रयोग मोठ्यांवरचा होता, पण तुमच्या भाचीच्या बाबतीत तीव्र क्षण आणि शेवट एकच झाले, हे तर उघड आहे.

म्हणून तिला शेवट द्या, पण चित्रपट पुन्हा लावून नको. दिवसाउजेडी, तिच्या आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर बसून, गोष्ट तोंडी सांगा: शाप कोणी दिला, तो कसा सुटला, आजी परत आल्यावर काय म्हणाली. मग तिलाच सांगायला लावा. चित्र काढायची आवड असेल तर एका कागदावर आधी आजी, मग राक्षसीण, मग पुन्हा आजी, अशी तीन चित्रं काढू दे. क्रम तिच्या हातानं पूर्ण होऊ दे. ‘ते खोटं असतं गं’ एवढं म्हणून भागत नाही. अगदी लहान मुलांच्या बाबतीत नुसतं समजावण्यापेक्षा जवळ बसणं, पांघरूण किंवा आवडती बाहुली हातात देणं, काहीतरी खायला-प्यायला देणं यांचाच उपयोग जास्त होतो. मोठ्या मुलांना स्पष्टीकरण पुरतं. सहाव्या वर्षी मूल दोन्हींच्या उंबरठ्यावर असतं, म्हणून दोन्ही करा. काही दिवसांनी तिनं स्वतः म्हटलं, तर छोट्या पडद्यावर, आवाज बंद करून, शेवटची पाच मिनिटं दाखवता येतील. थांबवायचं बटण तिच्या हातात असलं पाहिजे.

रात्री मंद दिवा आणि सोबत काही दिवस द्यावी लागली तर द्या. त्यात लाड नाहीत. ‘एवढी मोठी झालीस आणि घाबरतेस’ हे वाक्य मात्र घरात कोणीही उच्चारू नये. त्यानं भीती जात नाही, ती सांगायची बंद होते. आणि वागणूक सुधारावी म्हणून राक्षसिणीचा बागुलबुवा तर कदापि करू नका. बहुतेक मुलं काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत सावरतात. महिना उलटला तरी झोप तशीच राहिली, किंवा शाळेवर, जेवणावर परिणाम दिसू लागला, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा मुलांच्या समुपदेशकांशी बोलायला सांगा.

आता ‘मला भीती वाटत नाही’ याविषयी. तुम्ही भयपट बघता कसे, ते तुम्हीच लिहिलं आहे: दुपारी, कामं उरकता उरकता, टीव्हीवर. भयपट हा चित्रपटाच्या सगळ्या प्रकारांत परिस्थितीवर सर्वाधिक अवलंबून असलेला प्रकार आहे. विनोद उजेडात चालतो, गाणं स्वयंपाकघरातूनही ऐकू येतं. धास्ती मात्र तुटली की पुन्हा शून्यापासून चढवावी लागते, आणि दिग्दर्शकाकडे त्यासाठी दुसरी वीस मिनिटं नसतात.

त्यामुळे निकाल देण्याआधी चित्रपटाला न्याय्य संधी द्या. खोली अंधारी करा. पडद्यावर खिडकीचं प्रतिबिंब पडत असेल, तर काळोख्या चौकटीतले कोपरे दिसणारच नाहीत, आणि भयपटात बरंचसं घडतं ते कोपऱ्यांतच. टीव्हीचं चित्र ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ या मोडवर ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ चौकटींचा असतो, ही सोय मधल्या चौकटी स्वतः बनवून घुसडते आणि सगळं मालिकेसारखं दिसायला लागतं. आवाजाचंही असंच. चित्रपटगृहासाठी आवाजाची पातळी जुळवताना प्रत्येक मुख्य स्पीकरसाठी ८५ डेसिबल हा आधार धरतात आणि त्याच्यावर २० डेसिबलची जागा मोठ्या आवाजांसाठी मोकळी ठेवतात. कुजबुज आणि किंकाळी यांतलं ते अंतर हेच भयपटाचं भांडवल. टीव्हीचा ‘नाइट मोड’ नेमकं तेच दाबतो: कुजबुज वर आणतो, किंकाळी खाली. घरचे झोपलेत म्हणून आवाज करता येत नसेल, तर चांगले हेडफोन घाला. फोन दुसऱ्या खोलीत. मधे थांबवू नका. आणि हे जमलं नाही तर मतात तसं लिहा: ‘दुपारी, उजेडात, दोनदा उठून पाहिला’. मग ‘भीती वाटली नाही’ या वाक्याची किंमत वाचणारा स्वतः ठरवेल.

पण एवढं करूनही भीती वाटली नाही, तर? तर प्रश्न असा, की कोणती भीती. आपल्या भाषेत यासाठी शब्दांची चंगळ आहे आणि तुम्ही एकच वापरता आहात. दचकणं वेगळं, धास्तावणं वेगळं, किळस येणं वेगळं, अंगावर काटा येणं वेगळं, आणि चित्रपट संपल्यावर जिन्यातला दिवा लावून मगच वर जाणं हे आणखी वेगळं. दचकणं ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अचानक मोठा आवाज झाला की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पापणी मिटते, तिथे कथेचा संबंधच नसतो. वारंवार पाहिल्यानं ती बोथट होते, आणि तीन वर्षं भयपट बघणाऱ्या तुमची ती बोथट झाली असणं साहजिक आहे. धास्तीचं तसं होत नाही, कारण ती आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही यावर उभी असते.

दोन्ही एकत्र कसे बांधता येतात हे १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’ या भयपटात दिसतं. एक बाई रात्री एकटी रस्त्यानं चालते आहे. तिच्या पावलांमागे दुसरी पावलं वाजतात. मग मागची पावलं थांबतात. आता फक्त शांतता. ती घाईनं चालू लागते, आणि एकदम फिस्सकन आवाज करत बाजूनं एक बस येऊन थांबते. दचकवलं ते बसच्या ब्रेकनं, पण त्याआधीच्या शांततेत धास्ती काठोकाठ भरली होती. निर्माता व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून अशा क्लृप्तीला पुढे ‘ल्यूटन बस’ म्हणू लागले. आजच्या भयपटांत बस भरपूर असते, आधीची पावलं नसतात. तुमच्या ‘फसला’मागे बहुधा हेच कारण असतं. मग तसंच लिहा: ‘सात वेळा दचकवलं, त्यातले पाच नुसते मोठे आवाज होते, दोनच्या आधी खरी धास्ती होती.’ आकडे मोजायला कागदावर रेघा मारल्या तरी पुरतं, दिवा लावावा लागत नाही.

आणखी तीन गोष्टींकडे लक्ष द्यायला सुचवते. पहिली, संकटाचे नियम. ते भूत काय करू शकतं आणि काय नाही? दाराबाहेरच अडतं का, फक्त अंधारात येतं का? नियम कळला की तो मोडेल का याची धास्ती वाटते. सोयीनुसार बदलत राहिला की प्रेक्षक सैल होतो. दुसरी, जागेचा नकाशा. चित्रपट संपल्यावर त्या घराचा आराखडा कागदावर काढता आला, जिना कुठे, तळघराचं दार कुठे, तर दिग्दर्शकानं आपलं काम केलं. काढता आला नाही तर पाठलागात भीती का वाटली नाही याचं उत्तर तिथेच मिळेल. तिसरी, दाखवणं किती लांबवलं. ‘जॉज’ (१९७५) च्या चित्रीकरणात यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडत होता, म्हणून त्याला पडद्यावर आणणं टाळत जावं लागलं. पाण्याखालून सरकणारा कॅमेरा, संगीत आणि पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपं यांनी शार्कचं काम केलं. कोणत्याही भयपटात भूत पूर्ण दिसलं ते कितव्या मिनिटाला, आणि त्यानंतर तुमची भीती वाढली की ओसरली, एवढं टिपून ठेवा.

रीतसर शिकावं का, या प्रश्नावर माझं उत्तर: इच्छा असेल तर जरूर शिका, पण त्यासाठी लिहिणं थांबवू नका. तोवर घरी एक सराव करा. आवडलेल्या किंवा फसलेल्या चित्रपटातला दहा मिनिटांचा तुकडा घ्या. एकदा नेहमीसारखा पाहा, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून नुसता ऐका. ‘सायको’ (१९६०) मधल्या न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला दिग्दर्शक हिचकॉक यांना आधी संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तंतुवाद्यांची ती धून ऐकवल्यावर त्यांनी मत बदललं. तो प्रसंग आवाज बंद करून पाहिलात की संगीत काय करतं हे दहा व्याख्यानांहून लवकर कळेल. महिन्याला असे दोन तुकडे पाहिलेत, तरी वर्षभरात मित्राशी बोलताना शब्द अडणार नाहीत. त्यालाच एखाद्या तुकड्याला सोबत बसवा. आक्षेप घेणारा माणूस शिकवायला बहुधा तयार असतो.

लिहिण्याबद्दल थोडंसं. चित्रपट संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत तीन ओळी टिपा आणि प्रत्यक्ष मत दुसऱ्या दिवशी लिहा. शेवटाचा ताबा मनावर फार असतो हे वर आलंच. म्हणून टिपताना चित्रपटाचा पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन भाग करून प्रत्येकाला वेगळी ओळ द्या. नाहीतर वाईट शेवटापायी चांगला तासभर वाहून जातो. तारे द्यायचे असतील तर कौटुंबिक चित्रपट आणि भयपट एकाच मापानं मोजू नका. भयपटाला भयपटांमध्येच जोखा. मला विचाराल तर तारे सोडूनच द्या. त्यांच्या जागी ‘कोणाला आवडेल, कोणाला नाही’ अशी दोन अर्धवाक्यं जास्त काम करतात.

बंद करण्याचा पर्याय मी मनापासून विचारात घेतला, कारण एका लहान मुलीची झोप हलकी गोष्ट नाही. पण तुम्ही थांबलात तर त्या चाळीस जणांच्या हाती फक्त जाहिरात उरते, आणि जाहिरातीत आजी राक्षसीण होताना कधीच दाखवत नाहीत.

वहिनीला सरळ फोन करा. ‘बघितला होता, पण सहा वर्षांच्या मुलीच्या नजरेनं बघितला नव्हता’ एवढं म्हणा आणि गोष्टीचा शेवट तिला सविस्तर सांगा, म्हणजे तिला तो मुलीला सांगता येईल. आणि त्या चाळीस जणांना आजच दुरुस्ती पाठवा, कारण त्यांच्यातल्या आणखी कोणाच्या घरी तो या रविवारी लागू शकतो. मजकूर साधारण असा: ‘मागच्या महिन्यात या चित्रपटाला मी सहकुटुंब म्हटलं होतं. ते अपुरं होतं. लहान मुलांच्या पालकांसाठी, पुढे कथानकातले तपशील आहेत: मध्यावर प्रेमळ आजी पडद्यावर, जवळून, राक्षसीण होते. आवाज मोठा आहे. ती पुन्हा आजी होते ती शेवटीच. सहा वर्षांची एक मुलगी यानं फार घाबरली. दाखवणार असाल तर आधी स्वतः तेवढा प्रसंग पाहा, आणि मूल घाबरलं तर बंद करा, पण आजी परत येते हे त्याला त्याच रात्री सांगा.’